दि. ना. आणि वेब डेस्क

पुस्तकाचा संदर्भ देणं हे सभ्य काम आहे. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, साल. कमलाबाई ओगले, 'रुचिरा', १९७०. संपलं. पुस्तक कपाटात ठेवलं की वीस वर्षांनीही तिथेच सापडतं. फार तर कोणीतरी फोडणी करता करता पान उलटलेलं असतं आणि चकलीच्या भाजणीवर हळद सांडलेली असते. हळदीखाली पानाचा नंबर मात्र शाबूत असतो.

पण आमच्या हिने पन्नाशी ओलांडल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं आणि विषय घेतला मराठी पाककृतिलेखनाचा, छापील पुस्तकापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत. पुस्तकांची प्रकरणं सुरळीत पार पडली. पडद्याचं प्रकरण आलं तेव्हा संदर्भसूची माझ्याकडे आली. मी बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागातून निवृत्त झालेलो. दुसऱ्याने लिहिलेलं खरं आहे का, हे विचारण्याचा मला जन्मभर पगार मिळाला. "अहो, तुम्हाला नाहीतरी लोकांच्या स्वल्पविरामांत रस असतो," ही म्हणाली, "तर हे पगाराशिवाय करा."

पहिला अडथळा लेखकाचाच. नोंदी आपोआप करणारं झोटेरो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी २००६मध्ये ते काढलं. वेबपान उघडायचं, बटण दाबायचं, नोंद तयार. मी बटण दाबलं. नोंद आली : 'डेस्क, वे. (२०१९)'. वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर लेखकाच्या जागी 'वेब डेस्क' लिहिलेलं होतं. सॉफ्टवेअरने त्यातलं डेस्क हे आडनाव धरलं, वेब हे पाळण्यातलं नाव धरलं आणि रीतीप्रमाणे आडनाव पुढे घेतलं. सामूहिक नाव उलटं करायचं नसतं हा नियम त्याला ठाऊक आहे; पण डेस्क हे आडनाव नाही हे त्याला कोण सांगणार? आपल्याकडे गोडबोले चालतात, पोटफोडे चालतात, मग डेस्कनेच काय घोडं मारलंय? हळूहळू सूचीत सगळं घराणं जमलं. टीम, ऑ. होते. ब्यूरो, न्यू. होते. पण वे. डेस्क यांच्या कर्तबगारीला तोड नव्हती. अनारशापासून डाळिंबाच्या सालीच्या अकरा फायद्यांपर्यंत त्यांनी सगळं लिहून ठेवलं आहे.

दुसरा अडथळा तारखेचा. पानाच्या माथ्यावर 'अपडेटेड ३ तासांपूर्वी', मजकुरात 'यंदाच्या दिवाळीत', आणि तळाशी 'सर्व हक्क राखीव २०१४'. यातलं साल कोणतं? नियमपुस्तक म्हणतं, तारीख कळत नसेल तर 'दिनांक नाही' असं सरळ लिहावं. हिने ते आखडून 'दि. ना.' केलं आणि होलसेलमध्ये वापरलं. पहिला मसुदा वाचून तिच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "मॅडम, हे दि. ना. बरंच लिहितात हो. कोणत्या कॉलेजला आहेत?"

तिसरा अडथळा पत्त्याचा, आणि हा खास आपल्यासाठी राखून ठेवलेला आहे. इंग्रजीत वेबपानाचा पत्ता जसा दिसतो तसा चिकटवता येतो. मराठीत ब्राउझरच्या पट्टीवर 'गोडा-मसाला' असं देखणं देवनागरी दिसतं. ते उचलून वर्डमध्ये चिकटवलं की टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का नऊ सात असं सुरू होतं आणि थांबतच नाही. संगणकाच्या पोटात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, पत्त्यात प्रत्येक बाइटला तीन खुणा. काना आणि मात्रा यांचंही वेगळं भाडं. म्हणजे एका चिन्हाला नऊ खुणा. 'गोडा मसाला' या दोन शब्दांच्या एक्याऐंशी आणि मधल्या आडव्या रेघेची एक. पाककृतीचं नाव जर 'उपवासाची साबुदाणा-बटाटा थालीपीठं' असेल तर नोंद पुढच्या पानावर जाते. एका पानावर तर मला नुसती टक्केवारी दिसत होती. बँकेतही एवढे टक्के एका जागी पाहिल्याचं आठवत नाही.

पृष्ठक्रमांक नसतो, हे त्या मानाने किरकोळ. परिच्छेद मोजून त्याचा क्रमांक द्यायचा अशी सोय आहे. फक्त पाककृती लिहिणाऱ्या बायका आणि पुरुष आधी आजोळच्या अंगणात शिरतात. विहीर येते, फणस येतो, आजोबांची काठी येते, मे महिना संपतो. आमसुलाच्या सारातलं आमसूल कुठे भिजत घातलं हे सांगायला ही 'परि. १७' असं लिहिते. व्हिडिओला मिनिट आणि सेकंद द्यायचे. गूळ ४ मि. १० से.ला पडतो. हे मला मनापासून आवडलं. बँकेत एवढी नेमकी नोंद कोणी कधी केली नाही.

आता हे सगळं कोणत्या शिस्तीत लिहायचं? विद्यापीठाचं परिपत्रक म्हणतं, 'कोणत्याही एका मान्य पद्धतीचा अवलंब करावा', म्हणजे सर म्हणतील ती. एक पद्धत एमएलएची. आमच्या भागात एमएलए म्हणजे आमदार. तिकडे मॉडर्न लँग्वेज असोसिएशन. शब्द फिरवण्यात मात्र दोघे सारखे. २००९च्या आवृत्तीत त्यांनी जाहीर केलं की वेबपत्ता देण्याची गरज नाही, वाचक शोधून काढेल. २०१६च्या आवृत्तीत म्हणाले, पत्ता द्या. मधली सात वर्षं ज्यांनी प्रबंध लिहिले त्यांचे संदर्भ वाचक अजून शोधतोय. दुसरी पद्धत एपीएची, मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची. पत्त्याच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा नाही, तो पत्त्याचाच भाग समजला जाऊन दुवा तुटतो, असं ते म्हणतात. एमएलएवाले तिथे पूर्णविराम देतात. दोन अमेरिकन संघटनांचं एका टिंबावरून बिनसलं आहे आणि त्याचा निवाडा साताऱ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर चालू आहे.

सरांनी एपीए निवडली, पण त्यात स्वतःची एक दुरुस्ती घातली. पान पाहिल्याचा दिनांक एपीएला एरवी लागत नाही. मजकूर सतत बदलणारा असेल तरच लागतो. सर म्हणाले, सगळीकडे द्या. हिला ते जाचक वाटलं. मला सर एकदम आपले वाटले. डेस्कबाईंचं नाव खोटं, तळातलं साल खोटं, 'तीन तासांपूर्वी' तर रोजच खोटं. त्या अख्ख्या ओळीत शपथेवर सांगता येईल अशी एकच गोष्ट असते : अमुक दिवशी मी हे डोळ्यांनी पाहिलं. तपासनिसाला आणखी काय हवं असतं?

"पण अहो, हे कोण उघडून बघणारे?" हिचा हा प्रश्न रास्त होता. कोणीच बघत नाही, याला पुरावा आहे. एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठी केलेल्या मार्गदर्शिकेत, नोंद कशी लिहावी याचा नमुना म्हणून, शास्त्रीय लेख लिहिण्याच्या कलेवरचा एक लेख दिला होता. तीन लेखक, साल २०००, पानं ५१ ते ५९, सगळं जागच्या जागी. तो लेख कधी लिहिलाच गेला नव्हता. तरी जवळजवळ ४०० शोधनिबंधांच्या सूचीत तो निघाला. लायडन विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक पीटर क्रूनेनबर्ग त्याचा माग काढत गेले तेव्हा कळलं की लोकांकडून नमुना पुसायचाच राहून गेला होता. म्हणजे लेखकाने पाहिलं नाही, परीक्षकाने पाहिलं नाही, संपादकाने पाहिलं नाही. आमच्या शाखांत 'नमुना सही' खातेदाराची म्हणून खपली असती तर मॅनेजर घरी गेला असता.

आपल्याकडची तऱ्हा निराळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत वाङ्मयचौर्य मोजताना संदर्भसूची धरतच नाहीत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पुढे शिक्षा वाढत जाते. सूचीला मात्र माफी. प्रबंधातला हा भाग दुसऱ्याचा जसाच्या तसा उचलला तरी यंत्र ओरडत नाही, आणि लोक उपकार फुकट घालवत नाहीत. आता तर उचलायचेही कष्ट नकोत. न्यूयॉर्कमध्ये एका वकिलाने चॅटजीपीटीला पूर्वीचे निवाडे विचारले. खटला अगदी साधा, विमानात खाण्याची गाडी प्रवाशाच्या गुडघ्याला लागली म्हणून. यंत्राने 'व्हर्गीज विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स' असे झकास निवाडे पुरवले. ते झालेच नव्हते. २०२३मध्ये कोर्टाने ५,००० डॉलर दंड केला. गुडघ्याची गोष्ट राहिली बाजूला, व्हर्गीज मात्र अजरामर झाला.

मी म्हटलं, कोणी बघत नसेल तर मी बघतो. आणि सूचीतला प्रत्येक दुवा दाबायला बसलो. कित्येक उघडलेच नाहीत. तीन वर्षांपूर्वी हिने जिथून काजूच्या उसळीची कृती टिपून घेतली, तो कोकणातल्या एका बाईंचा ब्लॉग होता. आता तिथे रमीचे पत्ते हसत होते आणि पहिल्या डावाला बोनस मिळत होता. उसळीखालचा संदर्भ दाबून परीक्षक तिथे पोचले असते आणि जिंकले असते, तर हिची पदवी पक्की होती!

अशा फजितीत आम्ही एकटे नाही, हे कळलं तेव्हा जरा बरं वाटलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०११मध्ये हिंसक व्हिडिओ गेमच्या खटल्यात न्यायमूर्ती अलिटो यांनी तळटीपेत एका संकेतस्थळाचा पत्ता दिला. पुढे ते बंद पडलं. तो पत्ता कोणा वात्रटाने विकत घेतला आणि तिथे पाटीच लावली : न्यायमूर्तींसारखा तुम्ही या पानाचा संदर्भ दिला नाहीत ना, वाचलात, अशा अर्थाची. हार्वर्डच्या मंडळींनी मोजलं तेव्हा त्या न्यायालयाच्या निकालांतले निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत नेत नव्हते. प्यू या संस्थेने २०२४मध्ये सांगितलं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांत नाहीशी झाली. उपाय आहे. इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन २००१पासून सगळ्यांना खुलं आहे. तिथे पत्ता टाकला की त्या दिवशी पान जसं होतं तशी प्रत ठेवली जाते, तारखेच्या शिक्क्यासकट. काजूच्या उसळीची एक जुनी प्रत तिथे निघाली. फोटो गेले होते, पण नारळ किती घालायचा ते शाबूत होतं. त्यानंतर मी उरलेल्या सगळ्या पानांच्या प्रती करून टाकल्या आणि जुन्या शाखेत दप्तर बंद केल्यावर झोपायचो तसा झोपलो.

खरं भांडण पुढे होतं. मौखिक परंपरेच्या प्रकरणात हिने आमच्या आईचा गोडा मसाला घेतला होता. आईने चष्मा लावून सूची वरपासून खालपर्यंत वाचली आणि कागद खाली ठेवला.

"मी कुठाय?"

हिने समजावलं की आई, तुमचं नाव आत, मजकुरात आहे. 'व्यक्तिगत संवाद' असं कंसात लिहिलंय. पण सूचीत घेता येत नाही, तसा नियमच आहे. वाचकाला संदर्भ स्वतः जाऊन बघता आला पाहिजे.

"मग येऊ दे की बघायला. मी काय कुठे पळाले? चहा देईन."

"तसं नाही आई..."

"त्या डेस्कबाईचं नाव आहे. पाच वेळा आहे. तिने कधी खोबरं भाजलं असेल का?"

लग्नपत्रिकेत थोरल्या आत्याचं नाव राहिलं की घरात जी शांतता पसरते, ती पसरली. दोन दिवस आमटीत मसालाच पडला नाही. शेवटी तोडगा पुतण्याने काढला. तो इंजिनिअरिंगला आहे आणि उरलेल्या वेळात, म्हणजे बहुतेक सगळ्याच, मोबाइलवर लढाया खेळून त्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. "काका, आजीचा व्हिडिओ टाकू ना. मग सायटेशन होईल." आईने ठेवणीतली साडी नेसली. धणे, तीळ, खोबरं, नागकेशर, सगळं ताटात मांडलं. एका दमात चित्रीकरण झालं, कारण दुसऱ्यांदा भाजायला खोबरं नव्हतं.

नोंद करताना नियम आडवा आला. एपीएत व्हिडिओचा लेखक म्हणजे तो ज्याने चढवला तो. आत कोण बोलतंय हा प्रश्नच नाही. पुतण्याच्या वाहिनीचं नाव इंग्रजी आहे, त्यात 'किलर' हा शब्द आणि शेवटी त्याचं जन्मसाल आहे. तेव्हा आमच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा मसाला आज किलर या लेखकाच्या नावावर आहे. शीर्षक जसंच्या तसं द्यावं लागतं, त्यामुळे पुढे 'आजीचा सीक्रेट मसाला!! शेवटपर्यंत बघा' असं आलं. दोन्ही उद्गारचिन्हं मी ठेवली; मुळात होती. पुढे चौकटी कंसात व्हिडिओ, मग पाहिल्याचा दिनांक, मग पत्ता. शेवटी पूर्णविराम नाही. आईने 'आजीचा' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हां."

मसुदा सरांकडून परत आला तेव्हा सूचीत एकाच ठिकाणी पेन्सिलची खूण होती. किलरपाशी. बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'शेवटपर्यंत पाहिले. ६ मि. १२ से.ला दगडफूल किती ते कुकरच्या शिटीत ऐकू येत नाही. खुलासा व्हावा.'

मी तो शेरा आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती ताक घुसळत होती. हात न थांबवता म्हणाली, "ते व्यक्तिगत संवादात सांगेन म्हणावं."