गोळी आधी, मिसळ नंतर

पित्ताची गोळी ही पित्तावरची गोळी नव्हे. खरे पित्त यकृतात तयार होते, हिरवट-पिवळे असते आणि निमूटपणे चरबी पचवायला मदत करते. घशाशी येऊन जळजळ करते ते जठरातले आम्ल. दोघांचे घर वेगळे, रंग वेगळा, स्वभाव वेगळा. पण मराठीने दोघांची नावे एकाच रेशनकार्डावर घातली आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीत पँटोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा राबेप्राझोल लिहिलेले असते. मेडिकलच्या काउंटरपर्यंत पोचेस्तोवर त्याची ‘पित्ताची गोळी’ झालेली असते.

कबनूर हे हातकणंगले तालुक्यातले गाव. इचलकरंजीला ते इतके चिकटले आहे की गाव कुठे संपले आणि शहर कुठे सुरू झाले, ते पाटी वाचूनच कळावे. दोन्हीकडे यंत्रमागांचा खडखडाट सारखाच. लांबलचक पाळ्या, जेवणाची अवेळ, कपामागून कप चहा, कांदा-लसूण चटणीचा सढळ हात, मिसळीवर मागून घेतलेला जादा कट आणि गालात माव्याचा तोबरा. आम्लाला याहून चांगली नोकरी दुसरीकडे मिळणे कठीण.

जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे असंख्य सूक्ष्म पंप असतात. त्यांना कुलूप घालणाऱ्या औषधांतले पहिले ओमेप्राझोल. ते १९८८ मध्ये स्वीडनमधून बाजारात आले. या औषधांची एक खोड आहे: ती चालू पंपालाच धरतात, बंद पंपाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पंप जोरात सुरू होतात ते घास पोटात गेल्यावर. आणि औषध रक्तात टिकते जेमतेम काही तास. म्हणून गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, उपाशीपोटी घ्यायची. कामगार आत शिरताना मुकादम फाटकावर हजर हवा, एवढाच त्यातला हिशेब. मिसळ संपवून, ढेकर देऊन, मग गोळी घेणे म्हणजे तागा विणून झाल्यावर सूत तपासणे.

रातपाळीवाल्याची सकाळ वेगळी असते. तो उजाडताना घरी येतो, जेवतो आणि आडवा होतो. त्याच्या गोळीची वेळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा ताटावर ठरते. तेव्हा आपल्या पाळीची वेळ त्याने डॉक्टरांना आधीच सांगावी. भरल्या पोटी लगेच आडवे होणे कोणत्याच पाळीत बरे नाही. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

ही गोळी चावू नये, फोडू नये, कुटून मधात कालवू नये. तिच्या अंगावर आम्लाला दाद न देणारे आवरण असते; ते फुटले की जे आम्ल आवरायला ती निघाली, तेच तिला वाटेत गाठते. चघळायच्या गोळ्या आणि गुलाबी पातळ औषध ही वेगळी जात. ती असलेले आम्ल तिथल्या तिथे मारतात, पण इतर औषधांनाही आडवी येतात. म्हणून मध्ये साधारण दोन तासांचे अंतर ठेवावे. उलट पंपवाल्या गोळीचा पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. पहिल्या दिवशी आराम पडला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. एखादी चुकली तरी पुढच्या वेळी जोडगोळी नको.

कंबर धरली की अंगदुखीची गोळी घ्यायची आणि तिने पोट जाळू नये म्हणून सोबतीला पित्ताची, असा घरगुती शिरस्ता आहे. यात पोटाचे मत कोणी विचारत नाही. वेदनाशामक गोळ्यांनी जठराला व्रण पडू शकतो आणि त्याचे दुखणे ‘पित्त’ समजून महिनोन्महिने झाकले जाते. हृदयविकाराचे क्लोपिडोग्रेल, थायरॉइडची गोळी किंवा लोहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. क्लोपिडोग्रेल आणि ओमेप्राझोल यांचे तर मुळीच पटत नाही.

कोर्स बहुधा चार ते आठ आठवड्यांचा असतो. डॉक्टरांनी न सांगता तो वर्षानुवर्षे चालवला तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकते, हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढू शकतो. एकदम बंद केला तर दबलेले पंप काही दिवस दुप्पट उत्साहाने कामाला लागतात आणि माणसाला वाटते, गोळीशिवाय आपले चालतच नाही. म्हणून सुरू करण्याइतकेच थांबवणेही डॉक्टरांना विचारून करावे. शेजाऱ्याकडे उरलेली अर्धी पट्टी ही काही चिठ्ठी नव्हे.

काळे डांबरासारखे शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, विनाकारण वजन उतरणे, यांपैकी काहीही दिसले तर गोळी पुरे, दवाखाना गाठावा. आणि छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर मिसळीला दोष देत बसू नये. १०८ ला फोन करावा.