थंडी नामंजूर, बर्फ प्रलंबित

दीपनगरात बर्फ पडतो, तोही बाराही महिने, ही बातमी पुण्या-मुंबईच्या वेधशाळेपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. भुसावळहून वरणगावच्या दिशेने निघालं की महामार्गाकडेच्या बाभळी, टपऱ्यांचे पत्रे, मोटारसायकलींच्या सीटा आणि गच्चीवर वाळत घातलेले शर्ट यांच्यावर जो करडा-पांढरा थर बसलेला दिसतो, त्याला परगावचे लोक राख म्हणतात. हा त्यांचा दृष्टिदोष. आपल्याकडच्या दगडी कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राखच असते. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळतो, वीज तारांमधून मुंबईकडे जाते आणि राख वेल्हाळ्याच्या राखेच्या बंडाकडे. मग बल्कर आणि डंपर तिला सिमेंटवाल्यांकडे नि वीटभट्ट्यांकडे घेऊन निघतात, आणि जाता जाता ताडपत्रीच्या फटीतून थोडी थोडी वाटेवरच्या जनतेला वाटत जातात. गुलमर्गला जायचं तर विमानाचं तिकीट, घोड्याचं भाडं आणि भाड्याचे गमबूट. इथे सगळं फुकट आणि दारात. शिवाय गुलमर्गचा बर्फ वितळतो. आमचा टिकाऊ आहे.

असं असताना दीपनगरसाठी हिमवृष्टीचा अंदाज कुणी का देत नाही? देशात या विषयाचं खातं नाही असं नाही. संरक्षण संशोधन विभागाने १९६९ साली मनालीला हिम आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था काढली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन करून नव्या नावाने चंदीगडहून कारभार सुरू झाला. काश्मीरच्या कुठल्या उतारावर उद्या हिमकडा कोसळण्याचा धोका आहे, हे तिथले शास्त्रज्ञ सांगतात. त्यांना आमचा नम्र अर्ज आहे की फेकरी-दीपनगर-वेल्हाळे हा पट्टा त्यांनी आपल्या नकाशाला जोडून घ्यावा. काम सोपं आहे. अंदाजाचा नमुनाही आम्ही तयार करून ठेवला आहे:

“येत्या चोवीस तासांत महामार्गालगत हलक्या ते मध्यम स्वरूपाची करडी हिमवृष्टी. पुढच्या डंपरची ताडपत्री फाटकी असल्यास जोरदार. दुचाकीस्वारांनी चष्मा लावावा, नवरदेवांनी पांढरा पोशाख टाळावा. इशारा: पिवळा. सकाळी धुतलेल्या गाड्यांसाठी: लाल.”

हा अंदाज चुकणार नाही. हवामानशास्त्राच्या इतिहासात असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

हिवाळ्याच्या तोंडी तर या हिमवृष्टीला रंग चढतो. थंडीत रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन आपली ऊब झपाट्याने वर सोडून देते. तिला टेकलेली हवा गारठून जड होते आणि खालीच बसते. वरची हवा मात्र तुलनेने उबदार राहते. हा उलटा क्रम जमला की धूर, धूळ, राख, कचऱ्याच्या शेकोट्यांचा वास, सगळं वस्तीच्या डोक्यावरच तरंगत राहतं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मध्ये तापीचं खोरं, म्हणजे थंड हवेने मुक्कामाला यावं अशी सगळी सोय. सकाळी सातला समोरचा माणूस दिसत नाही, तेव्हा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर “धुक्यात हरवलेली वाट” टिपून निघून जातो. वाट हरवलेली नसते. तिच्यावर खड्डे असतात आणि ते मात्र दिसेनासे होतात.

आता थंडीकडे वळू. ही बाई सरकारदरबारी फार अवघड आहे. हवामान खात्याच्या नकाशावर देशाचे ३६ उपविभाग आहेत. त्यांतले महाराष्ट्राच्या वाट्याला चार: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. खानदेश? नाही. अख्खा खानदेश मध्य महाराष्ट्रात घातला आहे, म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबार आणि कोल्हापूर, सांगली एकाच घरात. “मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी गारठा वाढण्याची शक्यता” असं ऐकलं की रावेरचा माणूस शेकोटी पेटवतो आणि कोल्हापूरचा माणूस पंखा एकने कमी करतो. दोघांनाही अंदाज बरोबर वाटतो, ही त्यातली खुबी. आता जिल्हावार अंदाज येतात, रंगीत इशारेही येतात, हे मान्य. पण दूरदर्शनच्या काळापासून कानावर बसलेला ‘मध्य महाराष्ट्र’ काही केल्या उठत नाही.

पुढची अडचण व्याख्येची. मैदानी भागात थंडीची लाट जाहीर करायची तर किमान तापमान आधी १० अंश किंवा त्याखाली गेलं पाहिजे, आणि शिवाय ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी पाहिजे. (थेट ४ अंशांवर आलं तर सरासरी विचारत नाहीत, तेवढी माणुसकी खात्यात आहे.) समजा एखाद्या गावाची सरासरी १२ आहे. तिथे ८ अंशांत तुमचे दात वाजले, तर ते दात अनधिकृत. साडेसातला वाजले, तर लाट. आणि किनारपट्टीला? तिथे १५ अंशांपर्यंतची सवलत. सरासरीची अट तिथेही आहे, पण दार १५ लाच उघडतं. म्हणजे मुंबईकर १५ अंशांत लाटेवर स्वार होऊ शकतो. जानेवारीत एखाद्या सकाळी सांताक्रूझला पारा जरा खाली आला की वाहिन्यांचे प्रतिनिधी मरीन ड्राइव्हवर कानटोपी घालून उभे राहतात आणि फिरायला आलेल्या काकांना विचारतात, कसं वाटतंय? काकांना फार छान वाटत असतं. त्याच पहाटे धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला तापमापक सहा-सातच्या घरात असतो. त्याला कसं वाटतंय, हे कुणी विचारत नाही.

धुळ्याचं नाव काढलं म्हणून सांगतो, थंडीच्या बाबतीत खानदेशात एक मूक वैर आहे. उन्हाळ्यात भुसावळ ४७ म्हणतं, जळगाव म्हणतं आमचे अर्ध्याने जास्त. हिवाळ्यात तेच खालच्या दिशेने. धुळेकर पेपर उघडून आधी निफाडचा आकडा बघतो. निफाडमध्ये कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र आहे आणि राज्यातला नीचांक अनेकदा तिथेच नोंदला जातो. निफाड अर्ध्या अंशाने पुढे गेलं की धुळ्यात दिवसभर मरगळ. त्यातून जळगावच्या आकड्याला ममुराबादचा तापमापक, भुसावळच्या आकड्याला केंद्रीय जल आयोगाचा, आणि मोबाइलमधला तिसरा, तो कुठे टांगलाय ते परमेश्वराला ठाऊक. तिघांचं एकमत फक्त नागपंचमीला होत असावं.

वर्तमानपत्रांची कथा तर दरवर्षीची. पारा ‘घसरतो’, जिल्हा ‘गारठतो’, नागरिकांना ‘हुडहुडी’ भरते, शेकोट्या ‘पेटतात’ आणि उबदार कपड्यांची बाजारपेठ ‘फुलते’. हे पाच शब्द जुळवून ठेवलेले असतात, फक्त तारीख बदलायची. मग अक्कलकुव्याच्या डाब परिसरात किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पहाटे दव गोठतं, आणि मथळा येतो: ‘मिनी काश्मीर’. वास्तविक बर्फ पडणं वेगळं आणि दव गोठणं वेगळं. बर्फ ढगात तयार होऊन खाली येतो. दव मात्र जागच्या जागी, गवताच्या पात्यावर आणि जीपच्या टपावर गोठतं. तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंच, पांढऱ्या लाकडी पेटीत सावलीला बसलेला असतो. त्याला चार-पाच अंश दिसतात तेव्हा उघड्यावरचं गवत शून्यावर पोचलेलं असू शकतं. म्हणजे सरकारी तापमापक खोटं बोलत नाही. तो पेटीत आहे, एवढंच. हे वाचकाला सांगायला चार ओळी लागतात. ‘मिनी काश्मीर’ला दोन शब्द.

गारपिटीलाही हाच मथळा लागतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने राज्यभरातली रब्बी झोडपून काढली, तेव्हा उभ्या गव्हाचं भुस्कट झालेल्या रानाचे फोटो ‘काश्मीर अवतरले’ म्हणून फिरले. आणि २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडून आलेल्या धुळीच्या वादळाने मुंबईपर्यंतच्या गाड्या एका दिवसात पांढऱ्या केल्या, तेव्हा केवढा गहजब! गाडीवर पांढरा थर? हे काय? कुठून आलं? दीपनगरच्या लोकांनी त्या दिवशी हे प्रश्न वाचले आणि ओल्या फडक्याने आपापल्या सीटा पुसून कामाला गेले.

थंडीची इतकी चर्चा होते, पण ती ज्याला खरी लागते तो केळीचा घड यात कुठेच नसतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. थंडीला ते मानांकन दाखवून उपयोग होत नाही. सोळा अंशांच्या खाली केळीची वाढ रेंगाळते. पारा आणखी उतरला की पानं पिवळी पडतात, घड पोग्यातच अडकतो, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं लांबतं. बारा-तेराच्या खाली फळाच्या सालीतल्या शिरा तपकिरी होतात, मग ते केळं कितीही पिकवा, पिवळंधमक होत नाही, मळकटच राहतं. व्यापारी ते हातात घेऊन नुसती मान हलवतो. त्या एका मान हलवण्यात क्विंटलमागे किती गेले, हे शेतकऱ्याला बरोबर कळतं.

उपाय आहेत. बांधावर रात्री ओला-सुका कचरा पेटवून धूर करायचा, वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा गजराज गवताची भिंत ठेवायची, आणि पहाटेच्या आत विहिरीचं कोमट पाणी द्यायचं. पाण्यासाठी मोटर लागते, मोटरला वीज. आणि इथे आपण पुन्हा दीपनगरपाशी येतो. बॉयलरमध्ये साडेपाचशे अंशांच्या आसपासची वाफ, तिच्या जोरावर फिरणारी जनित्रं, आणि त्या चिमण्या ज्यांना आपल्या बागेतून दिसतात, त्या शेतकऱ्याच्या फिडरला ‘थ्री फेज’ची पाळी आठवड्याआड रात्रीची. अंगावर घोंगडी, हातात बॅटरी, सातपुड्याच्या पायथ्याशी असाल तर मनात बिबट्या, आणि रात्री दोनला विहिरीवर. मात्र कृषिसल्ल्यात ‘रात्रीच्या वेळी ओलित करावे’ असं लिहिलेलंच आहे. तेव्हा दोन्ही खात्यांत समन्वय नाही, असं कुणी म्हणू नये.

एवढं करूनही बाग गेली, तर विमा आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा. त्यात नुकसान बघत नाहीत, हवामान बघतात. केळीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली राहिलं पाहिजे, आणि ते महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्रात नोंदलं गेलं पाहिजे. अशी दोन हजारांवर केंद्रं राज्यात उभी आहेत. हे केंद्र तुमच्या शेतात नसतं. ते मंडळात कुठेतरी असतं, एखाद्या भिंतीच्या आडोशाला किंवा कुणाच्या गोठ्याशेजारी असलं तरी त्याचा शब्द अंतिम. म्हणून डिसेंबरात रावेर-यावलच्या चहाच्या टपरीवर जे संवाद ऐकू येतात, ते जगात दुसरीकडे कुठे ऐकू येणार नाहीत.

“कालचा किती आला भो?”

“सात पॉइंट नऊ.”

“अन् परवा?”

“सात पॉइंट चार. दोन रात्री तं झाल्या. आज फक्त टिकली पाहिजे.”

“अन् बाग?”

“बाग तं गेलीच समज. आता थंडी नको जायला.”

जो माणूस दोन रात्री धूर करून थंडीला हाकलत होता, तोच तिसऱ्या रात्री तिने राहावं म्हणून मनातल्या मनात हात जोडतो. बायको विचारते, आज शेकोटी पेटवायची का? तो म्हणतो, थांब, त्या यंत्राकडे धूर गेला तर? कायद्याने यात काही गैर नाही, आणि अकलेनेही नाही. तीन रात्रींच्या अटीने माणसाला इतकं हवामानशास्त्र शिकवलं आहे, जितकं एवढ्या वर्षांत कुठल्या कृषिमेळाव्यात शिकवता आलं नाही.

तिसऱ्या रात्री काय होतं, हेही त्याला आता पाठ आहे. हिमालयातून पश्चिमी झंझावात सरकून गेला की उत्तरेचं कोरडं वारं इकडे सुटतं आणि पारा पडतो. मागून दुसरा झंझावात आला, किंवा समुद्राकडून बाष्प घुसलं, की आकाशात ढग येतात. ढग आले की जमिनीची ऊब वर निसटत नाही. रात्री दहाला तो अंगणात येऊन वर बघतो. चांदण्या विरळ झालेल्या. पश्चिमेकडून पातळ ढग पसरत चाललेले. शेजारी भरताची पार्टी रंगात आलेली, पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचा वास सुटलेला, कुणीतरी ओरडतं, “या ना भाऊ, कळण्याची भाकर हाये!” तो जातो, बसतो, दोन घास खातो आणि मध्येच उठून पुन्हा वर बघून येतो.

सकाळी मंडळाच्या यंत्रात किमान तापमान ८.६. प्रस्ताव अपात्र. आणि पेपरात पहिल्या पानावर, पाच शब्दांच्या साठ्यातला नसलेला, पण जवळच जपून ठेवलेला सहावा मथळा:

‘थंडीचा कडाका ओसरला, शेतकऱ्यांना दिलासा.’