घरच्यासारखी नोकरी

भाचीने क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला आणि जालना रोडवरच्या एका इस्पितळाने मोठ्या मनाने तिच्या हाती ऑफर लेटर ठेवलं. पगार १४,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच शिफारस केली होती, की पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला २०,००० च्या खाली पगार नसावा. भाचीने अदबीने तेवढं विचारलं. एचआरचे साहेब हसले. "मॅडम, ते नर्ससाठी. तुम्ही तर प्रॅक्टिशनर!" शिक्षण वाढलं की माणूस किमान पगाराच्याही पलीकडे पोचतो, हे आम्हा अडाण्यांना कुठून कळणार?

ओरिजनल सर्टिफिकेटं दोन वर्षं त्यांच्या कपाटात राहतील. सुरक्षिततेसाठी. आमच्या घरातल्या उंदरांची खबर त्यांच्या कानावर गेली असावी. माझी तर नम्र सूचना आहे, चपलाही जमा करून घ्याव्यात. रात्रपाळी हवी तेवढी लांबवता येईल.

पत्राच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलंय, 'आपण सारे एक कुटुंब'.

ताईने ते दोनदा वाचलं आणि घडी घालत म्हणाली, "तरीच. मला तरी घरात कोण पगार देतं?"