सन 2731 चा आठवडे बाजार

नारायणगावच्या एका हौशी पोराने घरातल्या जुन्या संगणकावर स्वतःचा सर्व्हर थाटला. लेण्याद्रीचे फोटो, जुन्नर-आंबेगावातल्या यात्रा आणि आठवडे बाजारांची दिनदर्शिका, एवढाच माल. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, सिंगापूर, व्हर्जिनिया, फ्रँकफुर्ट अशी नावं झळकली तेव्हा घरात पेढे आले. आमचा बाजार जगाला कळला!

मग कुणीतरी लॉग नीट वाचला. दिनदर्शिकेला ‘पुढचा महिना’ असं बटण होतं. आलेले पाहुणे ते दाबत दाबत सन 2731 च्या जूनपर्यंत पोचले होते आणि तिथले बाजारवार विचारत होते. सर्व्हर बिचारा प्रत्येकाला इमानाने हिशेब करून सांगत होता. ओतूरच्या आत्यांना मात्र श्रावणातल्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेची तारीख हवी होती, आणि त्यांचं पान नुसतं गरगरत होतं. पाहुणे माणसं नव्हतीच. ते बॉट होते, कुठल्याशा कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ज्ञान गोळा करणारे. ज्ञान सर्वांचं, वीजबिल पोराच्या वडिलांचं.

बॉटांना आवरायला रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल असते. 1994 पासूनची ही रीत. 2022 मध्ये तिला रीतसर मानकाचा दर्जाही मिळाला. पण मान ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’ या पाटीइतकाच. ज्याला लाज आहे तो वाचतो. एका पत्त्यावरून मिनिटाला अमुकच विनंत्या, असा नियम लावला, तर टोळी हजारो पत्त्यांवरून येते. प्रत्येक जण एकच पान मागतो आणि ‘मी साधा क्रोम ब्राउझर’ म्हणून सांगतो. मोठ्यांचीही सुटका नाही. विकिमीडियाने एप्रिल 2025 मध्ये सांगितलं, की पानं पाहणाऱ्यांत बॉट 35 टक्के, पण सर्वांत खर्चिक रहदारीत 65 टक्के. कारण माणसं तीच ती चार पानं बघतात, ती हाताशीच ठेवलेली असतात; बॉट मात्र अडगळीतलं काहीही उपसतो.

सातवाहनांचा कारभार बरा होता. कोकणातून जुन्नरला चढणाऱ्या नाणेघाटात दगडी रांजण आजही आहे. तांडे त्यात जकात टाकत, असं सांगतात. 2025 च्या जानेवारीत आलेला ‘अनुबिस’ हा बॉट अडवणारा प्रोग्राम म्हणजे नवा रांजणच. पान देण्याआधी तो ब्राउझरला एक गणित घालतो. एका माणसाला क्षणभराचा खोळंबा, लाखो पानं ओढणाऱ्याला मात्र खर्च. पोराने तो बसवला. पहिल्याच दिवशी अडकल्या आत्या. त्यांच्या जुन्या मोबाइलला गणित सुटेना. तांडेवाल्यांकडे पैसा आहे, ते जकात भरून वर पावतीही मागतील.

शेवटी पोराने दिनदर्शिका पुढच्या वर्षापर्यंतच ठेवली, पानं आधीच तयार करून ठेवली म्हणजे दर वेळी हिशेब नको, आणि गणित फक्त शोधपेटीला लावलं. आत्यांना तारीख मिळाली.

बॉट आता वर्डप्रेसच्या लॉगिनचं दार ठोठावतायत, दिवसरात्र. वर्डप्रेस तिथं कधी बसवलंच नव्हतं.