छोटी एसयूव्ही घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी सूचना (फक्त पुणे मनपा हद्दीत लागू)

या सूचना पुण्यात पहिल्यांदाच चारचाकी घेणाऱ्यांसाठी आहेत. ज्यांनी आधी एक घेतली आहे त्यांनी वाचू नयेत. ते स्वतःच सूचना देत फिरत असतात.

पायरी पहिली : गरज ठरवावी

कोरा कागद घेऊन गेल्या वर्षभरात आपण कुठे कुठे गेलो ते लिहून काढावे. मंडई, बँक, मुलीचा क्लास, दाताचे डॉक्टर, दोन लग्ने, एकदा नारायणपूर. या कागदावर वरंधा घाट सापडणार नाही. तरीही शोरूमच्या काचेच्या दारातून आत पाऊल टाकताच "आम्हाला घाटात वगैरे जावं लागतं हो" हे वाक्य तोंडून निघतेच. ते निघू द्यावे. समोरच्या मुलाने ते सकाळपासून पाचव्यांदा ऐकलेले असते आणि तो लगेच ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा सांगतो. टाटाची नेक्सॉन २०८ मिलिमीटर, स्कोडाची कायलॅक १८९. या एकोणीस मिलिमीटरवर पुढचे तीन आठवडे घरात चर्चा होते.

ग्राउंड क्लिअरन्स लागतो, पण घाटासाठी नव्हे, सोसायटीच्या गतिरोधकासाठी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी हलकेच चढून हलकेच उतरते. आपल्याकडे उंची सोसायटीचे सेक्रेटरी ठरवतात आणि रुंदी उरलेले सिमेंट ठरवते. गाडीत पाच माणसे आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असताना अशा उंचवट्यावरून न घासता जाणारी गाडी पुण्यापुरती दणकट समजावी. वर सांगितलेल्या दोन्ही जातात.

दणकटपणाची पारंपरिक चाचणी अशी : नात्यातले एक ज्येष्ठ काका बरोबर न्यावेत. ते दरवाज्यावर बोटाची पेरे वाजवतात, डोळे किंचित मिटतात आणि "पत्रा पातळ आहे" म्हणतात. ही चाचणी करू द्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. अपघातात माणूस वाचतो तो दाराच्या वरच्या पत्र्यामुळे नव्हे, आतल्या पोलादी सांगाड्यामुळे, पट्ट्यामुळे आणि हवेच्या पिशव्यांमुळे. त्यासाठी गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून बघावी लागते. ते शोरूममध्ये करू देत नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ते आपल्यासाठी करते. नेक्सॉन, कायलॅक, महिंद्राची एक्सयूव्ही थ्री-एक्स-ओ या तिघींना तिथे पाच तारे मिळाले आहेत. त्याआधी, २०१८ च्या डिसेंबरात, ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉनच होती, आणि ती आपल्या रांजणगावची. हे काकांना सांगितले की "तरी पत्रा पातळच" असे उत्तर येते. तिथे थांबावे.

गावाभोवती इतक्या गाड्या बनतात की निवड करताना नातेसंबंधांचा विचार करावाच लागतो. नेक्सॉन रांजणगाव, कायलॅक चाकण, ह्युंदाईची नवी व्हेन्यू तळेगाव, थ्री-एक्स-ओ तेवढी नाशिक. साडूचा मुलगा यांपैकी एका कारखान्यात असतोच आणि तो सवलतीचे बोलतो. सवलत शेवटी मिळत नाही, पण दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली की साडू दिवाळीला येत नाहीत. गुणवत्तेची काळजी मात्र करू नये. चाकणच्या तळेगाव चौकातून सहीसलामत बाहेर पडलेली कोणतीही गाडी पुढची दहा वर्षे टिकते.

पाण्याबद्दल एकच सांगायचे. भिडे पूल पाण्याखाली गेला असेल तर तो पाण्याखालीच असतो, गाडी एसयूव्ही असली तरी. इंजिन हवा आत घेते. त्या वाटेने पाणी गेले की ते दाबले जात नाही, मग आतला दांडाच वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायची नसते, ढकलायची असते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी सोसायट्यांच्या पार्किंगमध्येच आले. तिथे २०८ काय आणि १८९ काय. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. ती घ्यावी आणि सनरूफ सोडावे. घरचे उलट ठरवतील.

पायरी दुसरी : किंमत

जाहिरातीत दिलेली किंमत फक्त वाचण्यासाठी असते. खरी किंमत "ऑन-रोड" या नावाने वेगळ्या कागदावर, बहुधा पेन्सिलीने लिहून मिळते. वैयक्तिक मालकीच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात दहा लाखांच्या आत ११ टक्के रस्ता कर, दहा ते वीस लाखांत १२. डिझेलला दोन टक्के आणखी, सीएनजीला कमी. दहा लाखांची रेघ ओलांडली की एक टक्का टीसीएसही कापतात, जो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण तो तोवर आपल्याकडे नसतो. याचा अर्थ ९ लाख ९० हजारांच्या गाडीवर तीस हजारांचे सनरूफ बसवले तर ते तीस हजारांत पडत नाही. १० लाख २० हजारांवर १२ टक्क्यांनी कर होतो १ लाख २२ हजार ४००, आधीच्या गाडीला तो १ लाख ८ हजार ९०० होता. आकाश बघायचे साडेतेरा हजार जास्त. पर्वतीवर फुकट दिसते.

"हँडलिंग चार्जेस" ही ओळ दिसली की "हे काय?" एवढेच विचारून गप्प बसावे. या कलेत पुणेकराला शिकवणीची गरज नाही. विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे असा कायदा नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतो, तो कुठूनही चालतो.

आता सरकारी बाजू. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाडीला कर कमी झाला आणि तिची व्याख्या ठरली : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. पुढे जीएसटी आला, दर बदलले, व्याख्या राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तीत बसणाऱ्या गाडीला १८ टक्के आणि न बसणारीला ४० टक्के. म्हणून शोरूममध्ये जवळपास कुणाचीही लांबी विचारा, उत्तर ३९९५ मिलिमीटर येते. नेक्सॉन ३९९५, कायलॅक ३९९५, ब्रेझा ३९९५. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. ब्रेझा तर लांबीत पास होऊन सीसीत नापास झाली, कारण तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे आहे. २०१६ ला आली तेव्हा १२४८ सीसीचे डिझेल होते, ते बसत होते. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल सोडले.

गंमत अशी की सरकारी टेप गाडीच्या लांबीवर फिरला, रुंदीवर फिरलाच नाही. मग गाड्या तिकडे वाढल्या. नेक्सॉन १८०४ मिलिमीटर रुंद, थ्री-एक्स-ओ १८२१, ब्रेझा १७९०, कायलॅक १७८३. हे आकडे आरसे सोडून आहेत. सदाशिव पेठेत आरसे सोडून जाता येत नाही, अर्थात काही जण ते सोडून आले आहेत.

पायरी तिसरी : ॲव्हरेज

मायलेज हा शब्द माहितीपत्रकापुरता. पुण्यात "ॲव्हरेज काय देते?" असे विचारतात आणि उत्तर देणारा नेहमी खोटे बोलतो. गाडी त्याची असेल तर जास्त सांगतो, दुसऱ्याची असेल तर कमी.

माहितीपत्रकातला आकडा दूरच्या कुठल्या प्रयोगशाळेतून आला असेल अशी समजूत असते. एआरएआय, म्हणजे हा आकडा प्रमाणित करणारी, १९६६ साली स्थापन झालेली संस्था, आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे कित्येक जण तिच्या कुंपणाशेजारून जातात आणि वाटेत गाडीच्या ॲव्हरेजबद्दल कुरकुर करतात. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडीची चाके फिरत्या रुळांवर ठेवतात आणि ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत, कमी करत ती जागच्या जागी पळवतात. सगळा खेळ १९ मिनिटे ४० सेकंदांचा, अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास, कमाल वेग ताशी ९०, एसी बंद. समोरून उलट्या दिशेने येणारा दुचाकीवाला नाही, मध्येच थांबून पत्ता विचारणारी रिक्षा नाही. तेवढ्याच वेळात संध्याकाळी सात वाजता नळस्टॉपहून कर्वे पुतळ्यापर्यंत जाऊन दाखवावे. कागदावरचे एकोणीस रस्त्यावर अकरा-बारा झाले तर गाडी बिघडलेली नसते, ती फक्त टेकडी उतरून खाली आलेली असते.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, तेव्हा थोडी घट तिथेही होते. थोडीच. उरलेली घट आपल्या उजव्या पायाची आणि हाफ क्लचची.

डिझेलचा मोह ज्यांना आहे त्यांनी पहिल्या पायरीतला कागद पुन्हा काढावा. समजा, शहरात पेट्रोल गाडी बाराचे आणि डिझेल सोळाचे ॲव्हरेज देते. पेट्रोल शंभरावर, डिझेल नव्वदीत. किलोमीटरमागे तीनेक रुपये वाचतात. गाडी मात्र सव्वा लाखाने महाग. ते भरून यायला चाळीस हजार किलोमीटर जावे लागते. मंडई, बँक, क्लास आणि दाताचे डॉक्टर मिळून वर्षाला सहा हजार होतात. दात जास्त खराब असतील तर सात. शिवाय नव्या डिझेल गाडीच्या धुरांड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती गरम होऊन साफ व्हायला गाडी सलग काही वेळ वेगात पळावी लागते. शनिवारवाड्याला वळसा घालून ती साफ होत नाही. रोज तळेगाव किंवा रांजणगाव गाठणाऱ्यांनी डिझेल जरूर घ्यावे. त्यांना या सूचना वाचायला वेळ नसतो.

सीएनजी सर्वांत स्वस्त पडतो. रांगेत वाचायला दिवाळी अंक ठेवावा.

पायरी चौथी : टेस्ट ड्राइव्ह

शोरूमवाले नेहमी सरळ, रुंद रस्त्यावर नेतात. तिथे सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. आपण नम्रपणे म्हणावे, "जरा चिमण्या गणपतीवरून खुन्या मुरलीधराकडे घ्या ना." वेळ शाळा सुटण्याची. दोन्ही बाजूंना लागलेल्या स्कूटर, मध्ये नारळाची हातगाडी. तिथे पिकअप, टॉर्क, सहा गिअर यांतले काहीही दिसत नाही. दिसतो तो फक्त डाव्या आरशाशेजारी उरलेला फटभर रस्ता. शेजारी बसलेला विक्रेता पोट आत घेतो, तेव्हा गाडीची खरी रुंदी कळते.

घरी आपल्या पार्किंगचीही मोजणी करावी. गाडीची रुंदी मोजून झाल्यावर दार उघडायला किती जागा उरते ते बघावे. दोन खांबांमध्ये थ्री-एक्स-ओ बसते, पण मग आपण तिच्यातच बसून राहतो.

या कसोटीवर सगळ्या गाड्या घासून पाहिल्या की निकाल विचित्र येतो. लांबी ३९८५, रुंदी फक्त १६४५, जमिनीपासून २१० मिलिमीटर आणि चारही चाकांना ताकद. ही मारुतीची जिम्नी, खरोखरची रानातली, चिखलातली गाडी. पेठेतल्या बोळात ती नेक्सॉनपेक्षा जवळजवळ सोळा सेंटिमीटर कमी जागा घेते. घाटात जायचे सांगून जी घ्यायला हवी होती तीच भिकारदास मारुतीच्या बोळालाही सोयीची निघते. पण तिचे इंजिन १४६२ सीसीचे, म्हणून कर ४० टक्के. मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटरची, म्हणजे दोन बॅगा आणि एक अपराधी नजर. घरी हे नाव काढल्यावर "जीप कशाला?" असे विचारतात, आणि काका पत्रा वाजवतात.

शेवटी निवड कोणतीही होवो, पेढे काका हलवाईंचे की चितळ्यांचे यावर एकमत करून ताबा घ्यावा, चाकाखाली लिंबू ठेवावे, गाडी पार्किंगमध्ये आणून कव्हर घालावे. बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी सकाळी, ती काढून अर्धा तास तरी फिरवून आणावी. परत येईपर्यंत जागा जाऊ नये म्हणून तिथे स्कूटर लावून ठेवावी. सोमवारपासून तीच वापरायची आहे.