बैल कोरा द्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी मिरवतात, त्या तान्ह्या पोळ्याला बक्षीस कशाला मिळतं? नंदीच्या सजावटीला आणि पोरांच्या वेशभूषेला. आता या दोन्हींत पोराच्या हातचं काय असतं ते शोधा. नंदी पॉलिश होऊन आलेला, डोळे कारागिराने आखलेले, झूल शिंप्याने शिवलेली, धोतर आईने नेसवलेलं. पोट्ट्याच्या हाती उरते दोरी. ती धरून मैदानात उभं राहायचं, घरोघर बोजाऱ्याचा खाऊ-पैसा घ्यायचा आणि परतायचं. दरवर्षी नंदी उंच होत चाललेत, काही तर ओढणाऱ्या पोरापेक्षा उंच. एवढ्या मोठ्या बैलाला लेकरू रंगवणार तरी कसं?

म्हणून सांगतो, बैल छोटा घ्या आणि कोरा घ्या. रंग लेकराला लावू द्या.

हातानं रंगवायचं हे खूळ माझ्या एकट्याचं नाही. जगभरात मोठी, कमावती माणसं संध्याकाळी दिव्याखाली बसून बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगवतात. ते टेबलावर मांडून युद्धखेळ खेळतात. एच. जी. वेल्सने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ नावाच्या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम लिहिले. गेम्स वर्कशॉप या इंग्लंडमधल्या कंपनीने 1983 साली ‘वॉरहॅमर’ आणला आणि त्याभोवती रंगवणाऱ्यांची मोठी जमात उभी राहिली. त्याच्या डब्यातून सैनिक येतात ते सुट्या भागांचे आणि बिनरंगाचे. जोडा तुम्ही, रंगवा तुम्ही. ज्याची फौज, त्याच्याच हातचा रंग. अशी फौज मांडून बसलेल्या माणसाला त्यातला एकेक शिपाई ओळखीचा असतो, कारण त्या प्रत्येकावर त्याने डोळे ताणलेले असतात.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कुणा पोराला मोबाइलवर हे पाहून वेड लागलं असेल तर त्याला हसू नका. परदेशी डब्याची किंमत ऐकून त्याला गप्पही बसवू नका. त्याच्या हाती लाकडाचा वीतभर बैल द्या. हात तयार होण्यासाठी त्याच्याइतका चांगला गुरू नाही. सैनिकाचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा, तिथे नवख्याचा ब्रश घसरणारच. बैलाची पाठ चुकायला जागा देते.

आता कामाचं बोलू. लाकडाला आधी काचपेपर. मग प्रायमरचा पातळ हात. तो वाळला की लाकडाचे तंतू उभे राहतात, बोटाला खरखर लागते. म्हणून पुन्हा हलका काचपेपर. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग रंगाला दोष देतात. रंग अॅक्रिलिकच घ्या. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने सुटतो. दुसरा हात मारताना पहिला उचकटतो, आणि पोळ्याच्या दिवसांत एक सर आली की बैलाचा रंग लेकराच्या सदऱ्यावर येतो. अॅक्रिलिक एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही.

आणि रंग पातळ करा. नवशिक्या बाटलीतून काढतो तसाच जाड थर थापतो, कारण त्याला एका हातात काम संपवायचं असतं. जाड थरात ब्रशचे ओरखडे राहतात आणि कोरीव काम बुजतं. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही बरे, फक्त पहिला पुरता वाळू द्यायचा. पहिल्या हातानंतर बैल डागाळलेला, दरिद्री दिसतो. तिथे बापाने पोराच्या हातातून ब्रश काढून घेऊ नये, एवढं कळकळीने सांगतो. दुसरा हात त्याला मारू द्या.

ब्रश अगदी बारीक घ्यायचा हाही एक गैरसमज. बारीक ब्रशात रंगच मावत नाही. टोक बैलापर्यंत पोचेतो तो वाळून जातो, मेच्या यवतमाळात तर डोळ्यांदेखत. एक नंबरचा ब्रश घ्या, पण त्याचं टोक सुईसारखं जुळतं का ते दुकानातच पाण्यात बुडवून पाहा. उन्हाळ्यात रंगवणार असाल तर पसरट डब्यात ओला स्पंज ठेवा, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. बराच वेळ ओला राहतो. पावसाळ्यात उलटी अडचण. दमट हवेत स्प्रेचा प्रायमर पांढुरका पडतो, तेव्हा ब्रशनेच लावा. आणि टोक जुळवायला ब्रश ओठांत घालायची सवय लेकराला पहिल्या दिवसापासून लागू देऊ नका. रंगात काय काय असतं ते बाटलीवर सगळं लिहिलेलं नसतं.

अंग रंगलं की खरी गंमत सुरू होते. गडद तपकिरी रंग खूप पाणी घालून मानेच्या वळ्यांत, खुरांच्या फटीत सोडा. तो आपसूक खोलात जाऊन बसतो आणि सावली पडते. मग ब्रशला फिका रंग लावून जवळजवळ सगळा फडक्याला पुसून टाका, आणि कोरडा ब्रश वशिंडावरून फिरवा. उंचवटे उजळतात. सपाट लाकडातून जनावर वर येताना पाहिलेलं लेकरू मग सहजी उठत नाही.

डोळे मात्र शेवटी. त्यासाठी व्हिडिओ शोधत बसू नका. यवतमाळचा दुर्गोत्सव कोलकात्यानंतर आपलाच, असं आपण छाती फुगवून सांगतो. मग त्या मूर्ती घडवणाऱ्यांच्या मंडपात पोराला घेऊन जा. डोळ्यांची आखणी करताना मूर्तिकाराचा हात कसा टेकतो, श्वास कुठे धरतो, ब्रशची ओढ कुठे सुटते, हे जवळून बघू द्या. देखावे बघायला रात्र रात्र फिरतो आपण, पण देवीला दृष्टी देणारा हात बघायला कुणी जात नाही. आणि पांढरकवड्याहून हैदराबादचा रस्ता धरलात तर आदिलाबादच्या पुढे निर्मल लागतं. तिथली लाकडी खेळणी पिढ्यान् पिढ्या हातानेच रंगतात. शाळांच्या सहली सगळीकडे जातात, एकदा तिथे न्या.

शेतकऱ्याच्या लेकराला तर हे शिकवायलाही नको. पोळ्याच्या सकाळी बाप बैल धुतो, शिंगांना रंग देतो, अंगावर ठिपके उठवतो, बेगड लावतो, ते त्याने शेजारी उभं राहून पाहिलेलं असतं. वर्षभर राबलेल्या बैलाला मालकाने स्वतःच्या हाताने रंगवायचं, हीच या सणाची रीत. मोठ्या पोळ्याला बाप कारागीर बोलावत नाही. मग दुसऱ्या दिवशी लेकराला तयार माल का?

तान्हा पोळा भरवणाऱ्या मंडळांनो, एक बक्षीस वाढवा. स्वतः रंगवलेल्या बैलाला. उंचीची अट घाला, वीतभराच्या वर नाही. खात्रीसाठी पोळ्याच्या आधीच्या रविवारी मैदानात सतरंजी अंथरा, रंग-पाणी ठेवा, पोरांना तिथेच रंगवू द्या आणि आईबापांना दोरीच्या बाहेर उभं करा. मोठ्या नंदीचं बक्षीस काढून टाका असं मी म्हणत नाही. पण रक्कम दोन्हींची सारखी ठेवा.

आणि सुताराला आत्ताच सांगून ठेवा, कोरे बैल हवेत म्हणून. पोळ्याच्या तोंडावर त्याला मान वर करायला फुरसत नसते.