आईची खुर्ची, आप्पांचा टॉवेल

ऑर्लँडो, फ्लोरिडा
27 डिसेंबर

तीर्थरूप आप्पांस,


तुरीची रास झाल्याशिवाय निंबर्गा सोडणार नाही म्हणालात, म्हणून डिस्नी वर्ल्ड बघायला आई एकटीच आली. पण तुमची आठवण निघाली ती बसथांब्यावर. आळंदची गाडी स्टँडात वळायच्या आत खिडकीतून टॉवेल टाकून चार जागा धरणारे तुम्ही! तुमची ती विद्या इथे वाया गेली असती, कारण ह्या बसच्या खिडक्या उघडतच नाहीत.

आईच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर भाड्यानं घेतली. "मी काय पांगळी झाले का?" म्हणून सकाळभर रुसली. संध्याकाळी थांब्यावर ही गर्दी. बस आली, फुस्स करून बैल बसावा तशी वाकली, दारातून फळी बाहेर आली आणि ड्रायव्हरबाईंनी सगळ्यांच्या आधी आईला बोलावलं. खुर्ची चार पट्ट्यांनी तळाला आवळली. आई माझ्या कानात म्हणते, "मला का बांधायलेत रे?"

रांगेतला एकजण पुटपुटला, आम्ही तासभर उभे आणि ह्या आधी! नेमकी तेव्हाच एक लेकुरवाळी चढली आणि आई सवयीनं तिला जागा द्यायला ताडकन उभी राहिली. आख्खी बस बघत राहिली. गाणगापूरला न जाताच चमत्कार! चार पावलं चालता येणाऱ्यालाही दिवसभराला खुर्ची लागते, हे त्या बाबाला कोण समजावणार? मी आईला खाली बसवलं.

आप्पा, आधी चढवतात तो मान नव्हे. गर्दी आत शिरली की खुर्ची वळवायला आणि बांधायला जागाच उरत नाही, एवढाच हिशेब. इथे अपंगांच्या हक्काचा कायदा 1990 सालचा. त्याच्या नियमांत मोठ्या बसमध्ये खुर्च्यांसाठी निदान दोन जागा हव्यात आणि फळीनं सहाशे पौंड पेलायला हवेत. मी म्हटलं, पावणेतीन क्विंटल. आई म्हणाली, "म्हणजे मी, आणि वर दोन पोती तूर."

डिस्नीच्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना ह्या बसला तिकीट नाही. आईला त्याचं कौतुक वाटलं नाही. 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेत ती गुलबर्ग्याला फुकटच जाते. पण रात्री जेवताना एकदम म्हणाली, "देवळामागची ती तीनचाकी सायकलवाली पोरगी. तिलाही तिकीट माफ आहे. पायऱ्या कुठं माफ आहेत?"

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आपल्याकडेही 2016 सालीच झाला. आळंदच्या गाडीला फळी येईल तेव्हा येईल. तोवर टॉवेल टाकाल तेव्हा दाराजवळची एक जागा त्या पोरीसाठी धरा, आणि गर्दी घुसायच्या आत तिला वर घ्यायला कंडक्टरबरोबर तुम्हीही हात लावा.

रास किती झाली ते कळवा.

आपला,
धाकटा

ता. क. आई खुर्ची परत करायला तयार नाही.